धनको विद्यार्थी, ऋणको गुरुजी

गुरूच्या ऋणाविषयी बोलण्याची आपली परंपरा जुनी आहे. १९६२ पासून दर वर्षी ५ सप्टेंबरला आपण शिक्षकदिन साजरा करतो, गुरुपौर्णिमेला शाळा-महाविद्यालयांतून भाषणे होतात, आणि या सर्व प्रसंगी धनको कोण व ऋणको कोण याविषयी कोणाच्याही मनात संदेह नसतो. गुरू देतो, शिष्य घेतो. आणि घेणाऱ्याने आयुष्यभर कृतज्ञ राहावयाचे असते. गेल्या उन्हाळ्यात पैठण तालुक्यातील एका गावी माजी विद्यार्थ्यांनी आपल्या निवृत्त प्राथमिक शिक्षकाच्या सत्कारासाठी भरविलेल्या मेळाव्याला पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला, तेव्हा हेच सारे सांगण्याच्या तयारीने मी गेलो होतो. परंतु माझ्याआधी सत्काराला उत्तर देण्यासाठी गुरुजी उभे राहिले आणि त्यांनी जमेची बाजू व नावेची बाजू यांची सरळ अदलाबदल करून टाकली. त्यानंतर माझे तयार भाषण करणे मला प्रशस्त वाटले नाही. त्याऐवजी हा लेख लिहीत आहे.

हे गुरुजी आज पंचाहत्तरी ओलांडलेले आहेत. १९६८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, केवळ मॅट्रिक झालेले असताना ते जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेवर रुजू झाले. प्रशिक्षण पुढे सेवेत असताना झाले. ती शाळा मारुतीच्या देवळात भरत असे. ते देऊळ, ती शाळा आणि ते गाव यांपैकी आज काहीच शिल्लक नाही. जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, आणि मधल्या काळात गोदाकाठची अनेक गावे नाथसागराच्या पाण्याखाली गेली. त्यांतले हे एक. गाव उठून नव्या गावठाणात आले, त्याबरोबर शाळा आली आणि शाळेबरोबर गुरुजीही आले. २००६ मध्ये ते निवृत्त झाले. "माझी पहिली शाळा पाण्याखाली आहे," ते म्हणाले, "ती शाळा होती याचा पुरावा म्हणून आता तुम्हीच तेवढे उरला आहात." आणि मग त्यांनी खिशातून एक जुनी वही काढली. तिच्यात शाळेच्या पटावरील नावे त्यांनी वर्षावार उतरवून ठेवली होती. त्या वहीतून त्यांनी आपली देणी वाचून दाखविली.

पहिल्या तुकडीचे मोल

गुरुजींनी पहिले देणे सांगितले ते पहिल्या दोन-तीन वर्षांतील मुलांचे. "मला शिकविता येत नव्हते," असे त्यांनी स्वच्छ कबूल केले. एका खोलीत चार इयत्ता. एकीला पाढे दिले की दुसरी गोंगाट करी, तिसरीला शुद्धलेखन घातले की पहिलीतले मूल रडू लागे. शहरात वाढलेल्या या तरुणाला तिफण आणि पाभर यांतला भेद ठाऊक नव्हता. तो मुलांनी सांगितला. कोणत्या महिन्यात कोणते मूल शाळेत येणार नाही आणि का, हेही मुलांनीच सांगितले. शिकविण्याची कला म्हणून जे काही त्यांना पुढे साधले ते त्यांनी या मुलांवर प्रयोग करून साधले, आणि फसलेल्या प्रयोगांची किंमत मुलांनी मोजली.

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला येथे केनेथ ॲरो यांच्या १९६२ मधील प्रसिद्ध निबंधाची आठवण झाली. काम करता करता कामगार काम शिकतो आणि त्यामुळे उत्पादकता वाढते, हा त्या निबंधाचा विषय. स्वीडनमधील होर्नडाल येथील एका लोखंडाच्या कारखान्यात पंधरा वर्षे नवी गुंतवणूक जवळजवळ झाली नव्हती, तरीही दर माणशी उत्पादन वर्षाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढत राहिले, हे उदाहरण ॲरो यांनी दिले आहे. विमानांच्या कारखान्यांतही असेच आढळले होते. पहिल्या विमानाच्या सांगाड्याला जेवढे श्रम लागतात त्याहून पुष्कळ कमी श्रम पुढच्या विमानांना पुरतात. कारखान्याच्या बाबतीत यात तक्रारीला जागा नाही. पहिल्या विमानावर अधिक खर्च झाला तर तो कारखानदार सोसतो. शाळेत मात्र नवख्या शिक्षकाच्या शिकण्याचा खर्च कोणाच्याही अंदाजपत्रकात येत नाही. तो पहिल्या तुकडीतील मुलांच्या आयुष्यातून वसूल होतो, आणि त्याचा लाभ विसाव्या तुकडीतील मुलांना मिळतो. गुरुजींना ॲरो ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु हा हिशेब त्यांनी स्वतःच मांडला होता.

या पहिल्या देण्यातील एक रक्कम फार मोठी आहे. पहिल्याच वर्षी तिसरीतील एक मुलगा रोज उशिरा येई. एके दिवशी गुरुजींनी त्याला सर्वांदेखत छडीने मारले. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. नंतर कधीच आला नाही. बाप अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे गुरांचे सारे उरकून मगच पोराला शाळेत येता येते, हे गुरुजींना त्याच संध्याकाळी कळले. तीनदा ते त्याच्या घरी गेले. "त्याचं मन उडालं, गुरुजी," एवढेच आई म्हणाली. पुढे गाव उठले, ते कुटुंब दुसरीकडे गेले आणि त्याचा ठावठिकाणा राहिला नाही. त्या दिवसानंतर अडतीस वर्षांच्या नोकरीत गुरुजींनी छडी हातात धरली नाही. मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई करणारे शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम २००९ मध्ये आले. गुरुजींच्या शाळेत ते चाळीस वर्षे आधी लागू झाले होते, आणि त्याची किंमत एका मुलाने आपले शिक्षण देऊन चुकविली होती. "त्याने मला शिकविले, आणि मी त्याचे शिकणे थांबविले," हे वाक्य उच्चारताना गुरुजींचा आवाज स्थिर होता. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांचे मात्र तसे नव्हते.

भाकरीचा आणि व्याजाचा हिशेब

दुसरे देणे १९७२ च्या दुष्काळातले. मराठवाड्यातील जुन्या पिढीला तो दुष्काळ सांगावा लागत नाही. घरेच्या घरे खडी फोडावयास आणि तलावांच्या मातीकामावर गेली, परदेशातून आलेला मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले, आणि त्याच आपत्तीतून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. गुरुजींची शाळा त्या वर्षी ओस पडली, कारण मुले आईबापांबरोबर कामावर होती. तेव्हा गुरुजीच दुपारच्या सुट्टीत कामावर जाऊ लागले आणि बाभळीच्या झाडाखाली वर्ग भरवू लागले. दिवसभर उन्हात राबलेली, धुळीने माखलेली मुले त्या अर्ध्या-पाऊण तासासाठी पाटी घेऊन येत. वर्गातील एक मुलगी आपल्या वाटच्या मिलोच्या भाकरीचा अर्धा तुकडा रोज गुरुजींपुढे ठेवी. "मला पगार होता, तिला नव्हता, पण मी एकटा, माझ्यासाठी भाकरी थापणारे कोणी नाही, हे तिने पाहिले होते," असे गुरुजी म्हणाले. ती मुलगी, आज नातवंडे असलेली बाई, समोरच बसली होती.

साताऱ्याच्या शाळेत मधल्या सुट्टीत आपल्या जेवणातील भाजी-भाकरी देणाऱ्या आंबेडकर गुरुजींची आठवण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जन्मभर जतन केली, हे सर्वश्रुत आहे. १९३० मध्ये बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी निघाले तेव्हा या गुरुजींनी त्यांना पत्र लिहिले, आणि ते पत्र बाबासाहेबांनी ठेव्यासारखे सांभाळले. ज्या बाबासाहेबांनी १९५० मध्ये आमच्या या शहरात महाविद्यालय काढून मराठवाड्यातील दलित-वंचितांच्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडून दिले, त्यांच्या आठवणीत ही भाकरी होती, हे विसरता येत नाही. तेथे गुरूने शिष्याला भाकरी दिली. येथे शिष्येने गुरूला दिली. पहिल्या भाकरीचा इतिहास लिहिला गेला. दुसऱ्या प्रकारच्या भाकरी किती दिल्या गेल्या असतील याची नोंद कोठेही नाही.

तिसरे देणे ज्ञानाचे. नव्या गावठाणात शाळा सातवीपर्यंत वाढली होती. सहावीच्या वर्गात गुरुजी सरळव्याज शिकवीत असताना एका मुलाने विचारले, "गुरुजी, आमच्या घरी दिढीनं ज्वारी आणतात, ते शेकडा किती पडतं?" दिढी म्हणजे पेरणीच्या वेळी नेलेले एक पोते सुगीला दीड पोते करून फेडावयाचे. गुरुजींनी फळ्यावर हिशेब मांडला: आठ महिन्यांत शेकडा पन्नास, म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर. पुस्तकातील उदाहरणांत व्याजाचा दर शेकडा पाच-सहाच्या पुढे जात नव्हता. वर्ग काही वेळ अगदी शांत राहिला. त्यानंतर गुरुजींनी व्याजाचा धडा नेहमी दिढी-सवाईपासूनच सुरू केला. मी स्वतः अनेक वर्षे विद्यार्थ्यांना ग्रामीण पतपुरवठा शिकवितो. परंतु या एका प्रश्नात जेवढा विषय आहे तेवढा माझ्या टिपणांच्या वहीत आहे काय, अशी शंका मला त्या सभेत येऊन गेली.

निवृत्तिवेतन कोण देते?

थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्ये अमेरिकन अर्थशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून मानवी भांडवलाची कल्पना मांडली. त्यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. शिक्षणावरील खर्च हा उपभोग नसून गुंतवणूक आहे, हा विचार तेव्हापासून रूढ झाला, आणि तो मोलाचाही आहे. परंतु त्याच्या मांडणीत शिक्षक हा कच्चा माल घालणारा आणि विद्यार्थी हा तयार होणारा माल, असे एकेरी चित्र नकळत उभे राहते. विद्यार्थी शिक्षकात काही गुंतवितो, ही नोंद त्या ताळेबंदात बसत नाही.

गुरुजींचे चौथे देणे मात्र अर्थशास्त्रज्ञालाही नाकारता येणार नाही असे आहे. त्यांना निवृत्तिवेतन मिळते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्या शिक्षकांचे निवृत्तिवेतन राज्याच्या तिजोरीतून दिले जाते, आणि तिजोरी भरते ती आज कमावत्या असलेल्या पिढीच्या करांतून. ही पिढी म्हणजेच या शिक्षकांचे विद्यार्थी. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले की, कमावती पिढी वृद्ध पिढीला पोसते आणि पुढे स्वतः वृद्ध झाल्यावर तिसऱ्या पिढीकडून पोसली जाते, अशा पिढ्यापिढ्यांमधील करारावर समाज उभा राहू शकतो. त्यानंतर सेवेत आलेल्यांसाठी हा करार बदलला गेला, आणि मार्च २०२३ मध्ये राज्यातील शिक्षक-कर्मचारी संपावर गेले ते याच प्रश्नावर. त्या वादात येथे शिरावयाचे नाही. गुरुजींनी त्यातील एक वेगळीच बाजू सांगितली. कर केवळ अधिकारी आणि कारखानदार झालेले विद्यार्थीच भरतात असे नाही. साबणाची वडी घेणारा प्रत्येक माणूस कर भरतो. "म्हणजे मी ज्याला मारून घालविले," गुरुजी म्हणाले, "तोही कोठेतरी साबणाची वडी घेत असेल आणि मला दरमहा पेन्शन देत असेल."

आपल्या सत्कारसमारंभांची रीत या वाक्याने उघडी पडते. शाळेची कर्तबगारी सांगताना आपण किती डॉक्टर झाले, किती अभियंते झाले, वाळूजच्या कारखान्यांत किती जण चढत्या पदांवर आहेत, हे मोजतो. शाळा ज्यांना धरून ठेवू शकली नाही त्यांचे नाव कोणी घेत नाही. गुरुजींच्या वहीत मात्र तीही नावे होती, आणि आभार मानण्यात त्यांनी भेद केला नाही. किंबहुना त्यांचे म्हणणे असे की, मोठे झालेल्यांचे देणे त्यांच्या मोठेपणातच थोडेफार फिटले. उरलेल्यांचे तसेच बाकी आहे.

या संदर्भात अल्बेर काम्यू यांच्या शिक्षकाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५७ मध्ये वाङ्मयाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाल्यावर काम्यूंनी अल्जिअर्समधील आपले प्राथमिक शिक्षक लुई जेर्मँ यांना कृतज्ञतेचे पत्र लिहिले. बाप महायुद्धात मारला गेलेला, आई मोलकरीण, आजी पोराला कामाला लावण्याच्या विचारात. अशा घरातील मुलाला जेर्मँ यांनी शाळेच्या वेळेबाहेर शिकवून शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसविले होते. हे पत्र जगप्रसिद्ध आहे. १९५९ मध्ये जेर्मँ यांनी लिहिलेले उत्तर तितके वाचले जात नाही. त्यात या वृद्ध शिक्षकाने लिहिले आहे की, वर्गात बसलेल्या त्या मुलाचा आनंद सर्वत्र ओसंडत असे आणि त्यामुळे त्याच्या घरची खरी परिस्थिती आपल्याला कधी उमगलीच नाही. एवढ्या जिव्हाळ्याच्या शिक्षकालाही मुलाच्या चेहऱ्याआडचे दारिद्र्य दिसले नव्हते, आणि हे मोकळेपणाने सांगण्याचे मोठेपण त्याच्यापाशी होते. आमच्या गुरुजींना ते दिसले, पण एका मुलाच्या बाबतीत एक दिवस उशिरा.

कृतज्ञता आणि परतफेड

केवळ कृतज्ञ राहून ऋण फिटत नाही, हे अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला वेगळे सांगावयास नको. ऋणाची परतफेड करावी लागते. आणि मूळ धनको सापडत नसेल तर ती त्याच्या वारसांना करावी लागते. गुरुजींच्या पहिल्या तुकडीचे वारस कोण? आज ज्या वाडी-वस्तीवरील शाळेत एखादा नवखा शिक्षक रुजू होत आहे, तेथील मुले हेच ते वारस. त्यांच्यासाठी आपण काय करतो?

नव्या शिक्षकाला आपण शिक्षणसेवक म्हणतो. त्याचे मानधन २०२३ मध्ये सहा हजारांवरून सोळा हजार रुपयांवर आले, हे योग्यच झाले. पण त्याच्या हाताशी दोन वर्षे एखादा अनुभवी शिक्षक असावा, त्याच्या चुका मुलांच्या माथी पडण्याआधी कोणी त्याला सावध करावे, अशी व्यवस्था दुर्गम शाळांतून अभावानेच आढळते. निवृत्त शिक्षकांचे मोठे मनुष्यबळ जिल्ह्याजिल्ह्यांत घरी बसून आहे. कारखान्याला जे शहाणपण पंधरा वर्षांत येते ते एका पिढीच्या निवृत्तीबरोबर फेकून द्यावयाचे आणि पुढच्या पिढीने पुन्हा मुलांच्या खर्चाने मिळवावयाचे, ही उधळपट्टी आहे.

दुसरी गोष्ट पटसंख्येची. विसापेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक आहेत, आणि त्या एकत्र करून समूहशाळा उभाराव्यात असा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला. दर विद्यार्थ्यामागील खर्चाचा मुद्दा मी अव्हेरणार नाही. तो माझ्याच विषयातला आहे. परंतु बाभळीखाली भरलेल्या त्या वर्गाचा पट किती होता? दूरच्या शाळेत वाहनाने जावयाचे म्हटले की प्रथम कोण गळेल? ज्याला गुरांचे उरकून यावयाचे आहे तो, आणि जिला धाकट्या भावाला सांभाळावयाचे आहे ती. ऊसतोडीला दिवाळीनंतर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांचा प्रश्नही याच जातीचा आहे. वर्गात आलेल्या मुलाला शिकविणे हे शिक्षकाचे अर्धे काम झाले. जे आले नाही ते का आले नाही, हे विचारावयास जाणे हे उरलेले अर्धे. शाळा गावात असली तरच शिक्षकाला त्या मुलाच्या दारात तीनदा जाता येते.

मराठवाड्याने शिक्षणात केलेली वाटचाल लहान नाही. निजामी राजवटीच्या अस्तानंतर, १९५१ च्या जनगणनेत, हैदराबाद राज्यातील साक्षरतेचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली होते. २०११ मध्ये आपल्या जिल्ह्यात ते सुमारे ७९ टक्के होते. हा पल्ला गाठला तो प्राथमिक शिक्षकांनी, असे आपण म्हणतो. गुरुजींचे ऐकल्यानंतर मी म्हणेन की, तो गाठला शिक्षकांनी आणि भुकेल्या पोटी पाटी घेऊन येणाऱ्या मुलांनी मिळून. मुले आली म्हणून शाळा राहिली, शाळा राहिली म्हणून शिक्षक राहिला.

मेळाव्याच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांनी गोळा केलेली थैली गुरुजींपुढे ठेवली. ती त्यांनी घेतली नाही. गावाशेजारच्या वीटभट्ट्यांवर येणाऱ्या कुटुंबांतील मुलांची नावे शाळेच्या पटावर यावीत आणि टिकावीत, यासाठी ती खर्च करावी असे त्यांनी सुचविले. स्वतःसाठी त्यांनी एकच गोष्ट मागितली. आज साठी उलटून गेलेल्या त्या मुलाचा पत्ता कोणाला लागला तर आपल्याला कळवावा. तो येथे येणार नाही, आपण त्याच्याकडे जाऊ. वहीतील त्याचे नाव त्यांनी तीन वेळा स्पष्ट उच्चारून सांगितले, वर्गात हजेरी घेताना सांगतात तसे. सभेतील काही जणांनी ते लिहून घेतले. हा लेख लिहीपर्यंत पत्ता लागलेला नाही. शोध चालू आहे.